जमीनदार खरोखर बंडात होता का? १६४१ च्या आयरिश जबान्या वाचण्यासाठी नवशिक्यांची वाट

२२ ऑक्टोबर १६४१ च्या संध्याकाळी सर फेलिम ओ'नील हा अल्स्टर प्रांतातला कॅथलिक जमीनदार शेजाऱ्याच्या नात्याने चार्लमाँट किल्ल्यात गेला आणि त्याने तो किल्ला ताब्यात घेतला. त्याच रात्री डब्लिनचा किल्ला घेण्याचा कट फुटला, दुसऱ्या दिवसापासून आयर्लंडभर इंग्रज सरकारविरुद्धचे बंड पसरत गेले आणि पुढच्या बारा वर्षांत शेकडो जमीनदारांवर 'हा बंडात सामील होता' असा आरोप झाला. या आरोपांना आधार म्हणून घेतलेल्या साक्षींपैकी सुमारे ८,००० जबान्या आजही डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात ३१ खंडांत जपलेल्या आहेत आणि त्यांची छायाचित्रे व लिप्यंतरे २०१० पासून कोणालाही घरबसल्या पाहता येतात.

मी या कागदांकडे मोडी कागदपत्रांच्या वाटेने आलो. वतनाच्या तंट्यांतले महजर आणि करीने वाचण्याची सवय असल्यामुळे साक्षीदारांच्या जबान्या आपल्याला सहज उलगडतील, असा माझा समज होता. तो चुकीचा ठरला आणि पहिले काही महिने मी तारखा चुकवल्या, एकच साक्ष दोनदा मोजली आणि एका माणसाचे गुन्हे दुसऱ्याच्या नावावर लिहिले. ज्यांना एखाद्या जमीनदाराविरुद्धची साक्ष मूळ कागदावरून तपासायची आहे, मग ते इतिहासाचे विद्यार्थी असोत किंवा केवळ जिज्ञासू वाचक, त्यांचे तेवढे महिने वाचावेत म्हणून हा लेख लिहिला आहे. उदाहरणासाठी संपूर्ण लेखात फेलिम ओ'नीलचेच प्रकरण घेतले आहे, कारण त्याच्याविरुद्धचा पुरावा विपुल आहे आणि त्यात जवळजवळ सगळे सापळे एका जागी सापडतात.

हाताशी काय असावे

इंटरनेट जोडणी आणि बऱ्यापैकी मोठा पडदा ही पहिली गरज आहे, कारण लिप्यंतराच्या शेजारी मूळ पानाचे छायाचित्र उघडे ठेवल्याशिवाय काम करू नये. त्याखेरीज पुढील गोष्टी जमवून ठेवा:

- ट्रिनिटी कॉलेजचा '१६४१ डिपॉझिशन्स' हा ऑनलाइन संग्रह. हस्तलिखित क्रमांक ८०९ ते ८४१ हे या कागदांचे शेल्फवरचे क्रमांक आहेत.
- 'डाउन सर्व्हे'चे नकाशे. विल्यम पेटीच्या देखरेखीखाली १६५६ ते १६५८ या काळात झालेली ही जमीनमोजणीही ट्रिनिटीनेच ऑनलाइन ठेवली आहे. १६४१ मध्ये कोणती जमीन कोणाची होती आणि १६७० च्या सुमारास ती कोणाकडे गेली, हे तिथे गावनिहाय शोधता येते.
- सतराव्या शतकातील इंग्रजी शब्दांचा एखादा चांगला कोश.
- एक साधी तक्ता-वही. संगणकावरची असो वा कागदाची, पण तिच्यात साक्षीदार, साक्षीची तारीख, घटनेची तारीख, 'पाहिले की ऐकले', आरोपीचे नाव जसे लिहिले आहे तसे, आणि हस्तलिखित व पान क्रमांक एवढे रकाने असलेच पाहिजेत.

पायरी १ : कागद कोणत्या चौकशीतला आहे ते ओळखा

'जबानी' या एका नावाखाली निदान चार प्रकारचे कागद एकत्र बांधले गेले आहेत, आणि नवखा वाचक त्यांना एकाच मापाने मोजतो.

पहिला प्रकार डब्लिनच्या आयोगाचा. २३ डिसेंबर १६४१ रोजी सरकारने आठ प्रॉटेस्टंट धर्मगुरूंचा आयोग नेमला आणि किलमोरचा डीन, म्हणजे वरिष्ठ धर्मगुरू, हेन्री जोन्स त्याचा प्रमुख झाला. लुटल्या गेलेल्या प्रॉटेस्टंट निर्वासितांच्या नुकसानीची नोंद करणे हे त्याचे मूळ काम होते. १८ जानेवारी १६४२ रोजी त्याचा अधिकार वाढवून खून आणि बंडखोरांचे बोलणे यांचीही चौकशी त्याच्याकडे देण्यात आली. ही दुसरी तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. तिच्या आधीच्या साक्षींत खुनांचा उल्लेख कमी दिसला, तर खून झालेच नव्हते असा त्याचा अर्थ होत नाही. प्रश्नच तेव्हा वेगळे होते.

दुसरा प्रकार मन्स्टर प्रांतात फिलिप बिस याने १६४२ पासून घेतलेल्या साक्षींचा. तिसरा प्रकार नकलांचा. आयोगाचा कारकून टॉमस वेअरिंग याने छापण्याच्या हेतूने अनेक जबान्यांच्या नकला केल्या होत्या आणि त्या करताना मालमत्तेच्या याद्यांसारखा मजकूर गाळला होता. मी ओ'नीलविरुद्धच्या साक्षीदारांची पहिली यादी केली तेव्हा मूळ आणि नक्कल यांना दोन वेगळे साक्षीदार धरले होते. नाव, गाव आणि तारीख जुळत असेल तर तो एकच माणूस आहे, एवढी साधी तपासणी मी केली नव्हती.

चौथा प्रकार सर्वांत सावधपणे वाचायचा. इंग्लंडच्या संसदेचा सेनापती क्रॉमवेल याच्या विजयानंतर १६५२ पासून खास न्यायालये बसली आणि त्यांच्यासाठी नव्याने साक्षी घेतल्या गेल्या. त्या दहा-बारा वर्षांपूर्वीच्या आठवणी आहेत आणि त्या विशिष्ट आरोपीला दोषी किंवा निर्दोष ठरवण्यासाठीच विचारून घेतलेल्या आहेत. डब्लिन आयोगासमोर आलेली विधवा हरवलेल्या गाईंबद्दल सांगायला आलेली असते आणि जाता जाता जमीनदाराचे नाव घेते. १६५३ मधला साक्षीदार मात्र जमीनदाराबद्दलच बोलायला बोलावलेला असतो.

या चारांच्या बाहेर कैद्यांचे कबुलीजबाबही आहेत. मार्च १६४२ मध्ये मीथ काउंटीतील किल्ब्रूचा वृद्ध कॅथलिक जमीनदार पॅट्रिक बार्नवॉल याला डब्लिनमध्ये ताणयंत्रावर चढवून प्रश्न विचारण्यात आले. ह्यू ओग मॅकमाहन आणि कर्नल जॉन रीड यांचीही तीच गत झाली. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स स्वतः या बंडामागे होता का, हे चौकशी करणाऱ्यांना काढून घ्यायचे होते. अशा कागदाच्या नोंदीत 'छळाखाली' हा शब्द ठळक लिहून ठेवावा, कारण सहा महिन्यांनी तीच नोंद पुन्हा वाचताना आपण तो विसरलेलो असतो.

पायरी २ : तारीख दुरुस्त करा

त्या काळी इंग्लंड-आयर्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला, म्हणजे साधारण आपल्या गुढीपाडव्याच्या दिवसांत, बदलत असे. त्यामुळे जबानीवर 'जानेवारी १६४१' असे लिहिले असेल तर ती आपल्या मोजणीने जानेवारी १६४२ मधली आहे. मी पहिल्यांदा अशी तारीख पाहिली तेव्हा बंडाच्या नऊ महिने आधीच कोणीतरी बंडाची साक्ष दिल्याचे समजून फारच हुरळलो होतो. शालिवाहन शक वापरणाऱ्यांना हा घोळ खरे तर परका नसावा, कारण माघ-फाल्गुनातल्या कागदाचा इसवी सन काढताना आपण हेच करतो. सुरतेच्या पहिल्या लुटीचे इंग्रजी वखारीतले कागद ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनाही जानेवारी १६६४ ची घटना १६६३ या वर्षाखाली नोंदलेली आठवेल.

याशिवाय ज्युलियन पंचांगामुळे युरोपातल्या इतर देशांशी दहा दिवसांचा फरक पडतो, पण आयर्लंडपुरते काम असेल तर दिवस जसेच्या तसे ठेवावेत आणि फक्त वर्ष बदलावे. दोन्ही गोष्टी दुरुस्त करायला गेलात, तर छापील पुस्तकांशी तुमच्या तारखा कधीच जुळणार नाहीत.

पायरी ३ : जबानीचे तुकडे पाडा

डब्लिन आयोगाच्या जबानीला ठरलेला साचा आहे. सुरुवातीला साक्षीदाराचे नाव, गाव, काउंटी आणि धंदा किंवा दर्जा येतो. मग शपथेचा उल्लेख, त्यानंतर 'हे बंड सुरू झाल्यापासून' गमावलेल्या मालमत्तेची यादी, ती नेणाऱ्यांची नावे, मग बंडखोर काय बोलले, कोणाला मारले, आणि शेवटी सही किंवा निशाणी, तारीख व आयुक्तांच्या सह्या. लिहिता न येणाऱ्या साक्षीदाराची निशाणी पाहताना आपल्या जुन्या कागदांवरचा 'निशाणी नांगर' आठवल्याशिवाय राहत नाही.

संपूर्ण मजकूर तृतीयपुरुषी आहे, कारण तो कारकुनाने लिहिलेला आहे. म्हणून एकाच प्रकारची वाक्ये अनेक जबान्यांत आढळली, तर साक्षीदारांनी संगनमत केले असे लगेच समजू नये. बहुधा तो कारकुनाच्या लेखणीचा वळसा असतो.

मालमत्तेची यादी बहुतेक वाचक ओलांडून जातात. तसे करू नका. पौंड, शिलिंग आणि पेन्स यांचा हिशेब वीस शिलिंगांचा पौंड आणि बारा पेन्सांचा शिलिंग असा आहे. रुपये-आणे-पै ऐकत वाढलेल्या पिढीला त्यातला बाराचा आकडा तरी ओळखीचा वाटेल. या याद्यांत गाई, घोडे, धान्य आणि कपडे यांच्या जोडीला 'येणे कर्ज' हा मोठा रकाना असतो, आणि त्या कर्जदारांमध्ये पुष्कळदा तेच आयरिश जमीनदार असतात ज्यांच्यावर बंडाचा आरोप आहे. फेलिम ओ'नील स्वतः डंगॅननचा संसद सदस्य होता, सरकारने 'सर' केलेला होता, आणि गळ्यापर्यंत कर्जात बुडालेला होता. त्याच्यासारखा माणूस बंडात का उतरला, याचे एक उत्तर मला चर्चच्या इतिहासात न मिळता सावकारांच्या या रकान्यांत मिळाले. अर्थात कर्ज असणे हा बंडाचा पुरावा नव्हे, आणि सावकाराने ऋणकोविरुद्ध दिलेली साक्ष निःस्वार्थही नव्हे.

पायरी ४ : 'पाहिले' आणि 'ऐकले' वेगळे करा, पण तेवढ्यावर थांबू नका

ही पायरी सर्वांत वेळखाऊ आहे आणि खरे काम इथेच होते. प्रत्येक विधानापुढे साक्षीदाराने ते स्वतः पाहिले, आरोपीच्या तोंडून ऐकले, तिसऱ्याकडून ऐकले, की नुसते 'खात्रीलायक कळले' असे लिहिले आहे, ते टिपा. जबान्यांतल्या अत्यंत भयानक गोष्टींचा मोठा भाग 'कळले आहे' या शब्दांवर उभा आहे.

आता पोर्टाडाउनचे उदाहरण घेऊ. नोव्हेंबर १६४१ मध्ये अर्मा काउंटीत पोर्टाडाउन येथे बॅन नदीच्या पुलावरून प्रॉटेस्टंट कैद्यांना पाण्यात ढकलून बुडवण्यात आले. लॉगॉल परगण्यातला कातडी कमावणारा विल्यम क्लार्क याने जानेवारी १६४२ मध्ये जबानी दिली. आपण स्वतः त्या कैद्यांत होतो आणि आपल्यासोबत सुमारे शंभर माणसे होती, असे तो सांगतो. घटनेला जेमतेम दोन महिने झालेले आहेत आणि सांगणारा तिथे हजर होता. वहीत अशा साक्षीला वरचे स्थान द्यावे.

दुसरी साक्ष कॅप्टन राइस प्राइसची विधवा एलिझाबेथ प्राइस हिची आहे. ती जून १६४३ मधली, म्हणजे दीड वर्षानंतरची. तिची पाच मुले त्या तांड्यात होती आणि बुडून गेली. बुडालेल्यांचा आकडा ती ११५ सांगते. ती स्वतः मात्र त्या दिवशी पुलावर नव्हती, त्यामुळे कडक नियम लावला तर बुडवण्याच्या घटनेपुरती तिची साक्ष ऐकीव ठरते. पुढे तीच बाई सांगते की नंतर आपण पोर्टाडाउनला गेलो तेव्हा कंबरेपर्यंत पाण्याबाहेर उभी असलेली, केस मोकळे सोडलेली एक स्त्रीची आकृती आपण पाहिली आणि ती 'सूड, सूड, सूड' असे ओरडत होती. हे मात्र ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचे शपथेवर सांगते.

म्हणजे आपल्या रकान्यांप्रमाणे खरी घटना 'ऐकले' या खाली आणि भूत 'पाहिले' या खाली जाते. मी पहिल्यांदा हा तक्ता भरला तेव्हा तो तसाच बरेच दिवस माझ्यासमोर पडून होता. त्यानंतरच मी आणखी एक रकाना वाढवला: 'दुसऱ्या स्वतंत्र साक्षीने दुजोरा आहे का?' पोर्टाडाउनच्या घटनेला क्लार्कचा आणि इतरांचा दुजोरा आहे. आकडे साक्षीगणिक बदलतात, पण नदी, पूल आणि कैद्यांचा तांडा बदलत नाही. भुतालाही इतर साक्षीदारांचा दुजोरा आहे हे खरे, पण त्या साक्षी एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का, हा प्रश्न तिथे उरतोच. एकाच छावणीत आणि एकाच निर्वासित वस्तीत महिनोन्महिने फिरलेली कथा दहा तोंडांतून आली, तरी तिचे वजन एकाच तोंडाचे असते. आणि पाच मुले गमावलेल्या बाईने पाण्यावर काय पाहिले, हे ठरवण्याच्या भानगडीत आपण पडू नये. तिने ते सांगितले, एवढी नोंद करावी.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ: यातून फेलिम ओ'नीलविरुद्ध काय सिद्ध होते? प्राइसच्या म्हणण्याप्रमाणे मुलांचा तांडा त्याच्या परवान्याने निघाला होता आणि बुडवणाऱ्यांचा नायक मॅनस ओ'केन होता. परवाना देणे, पुढे काय होणार हे ठाऊक असणे आणि तसा हुकूम देणे या तीन निराळ्या गोष्टी आहेत. साक्षीदार त्यांना एका वाक्यात गुंफतो, पण आपल्या वहीत त्यांना तीन वेगळ्या ओळी हव्यात.

आकड्यांबद्दलही एक इशारा. टायननचा धर्मगुरू रॉबर्ट मॅक्सवेल हा कित्येक महिने बंडखोरांच्या कैदेत होता आणि त्याची ऑगस्ट १६४२ ची जबानी सर्वांत लांब जबान्यांपैकी एक आहे. त्यात १,५४,००० माणसे मारली गेल्याचा आकडा येतो. तेवढे प्रॉटेस्टंट वसाहतकारी त्या वेळी साऱ्या आयर्लंडमध्ये मिळूनही नव्हते, असे आजचे अभ्यासक मानतात. मृतांचा आकडा ते काही हजारांत धरतात, आणि त्यातही थंडी-उपासमारीने रस्त्यात मेलेल्यांची संख्या मोठी आहे. पण मॅक्सवेल हा आकडा स्वतः मोजून देत नाही. तो बंडखोरांनीच केलेल्या गणतीच्या हवाल्याने तो सांगतो. छापील पुस्तकांत हा हवाला गळून पडला आणि नुसता आकडा शतकानुशतके फिरत राहिला.

पायरी ५ : नाव कोणाचे आहे याची खात्री करा

आयरिश नावे इंग्रजी कारकुनांनी कानावर पडतील तशी लिहिली आहेत. फेलिमचेच नाव किमान पाच-सहा प्रकारे येते, आणि सुरुवातीच्या 'एफ'ची जागा बहुधा दोन छोटे 'एफ' घेतात, त्यामुळे शोधपेटीत एकच वर्णलेखन टाकून थांबल्यास निम्म्या साक्षी सुटतात. त्यातच ओ'नील घराण्यात फेलिम नावाचे अनेक पुरुष होते. नावापुढचा 'रो' म्हणजे लाल, आणि 'ओग' म्हणजे धाकटा. किनार्ड, म्हणजे आजचे टायरोनमधले कॅलेडन, हे गाव आणि 'सर' ही पदवी सोबत असेल तरच तो आपला फेलिम समजा. नुसत्या नावावर विसंबून मी एका दूरच्या फेलिमने पळवलेली गुरे याच्या खाती लावली होती.

खंड काउंटीनिहाय बांधलेले असले तरी त्यावरही विसंबू नका. अर्माच्या घटनांसाठी ८३६ क्रमांकाचा खंड पाहणे बरोबरच आहे, पण मॅक्सवेलची जबानी ८०९ क्रमांकात, म्हणजे डब्लिनच्या खंडात आहे. शोध नेहमी पूर्ण संग्रहात घ्यावा.

पायरी ६ : खोडलेला मजकूर वाचा

अनेक पानांवर मजकुरावर रेघा मारलेल्या दिसतात. लिप्यंतरात तो भाग खुणेने दाखवलेला असतो. साक्षीदाराने शब्द मागे घेतले, असा अर्थ त्यावरून लगेच काढू नये. बऱ्याच रेघा नंतर नक्कल किंवा छपाईसाठी मजकूर निवडताना मारल्या गेल्या आणि त्यांत नुकसानीच्या याद्या सर्वाधिक आहेत. याच खोडलेल्या भागांवरून एकोणिसाव्या शतकात मोठा वाद झाला. खोडले ते खोटे, असे एका बाजूचे म्हणणे होते, आणि ते उत्तर फारच सोयीचे होते. छायाचित्र उघडून रेघ कोणत्या शाईची आहे आणि ती एखाद्या शब्दावर आहे की परिच्छेदभर तिरपी गेली आहे, एवढे तरी पाहावे.

पायरी ७ : जमिनीचे काय झाले ते पाहा

जमीनदारावरचा आरोप हा त्याच्या जमिनीवरचा दावाही होता, हे लक्षात घेतल्याशिवाय यातली एकही साक्ष नीट समजत नाही. बंडाला पाच महिने होतात न होतात तोच, मार्च १६४२ मध्ये, लंडनच्या संसदेने 'ॲडव्हेंचरर्स ॲक्ट' संमत केला. बंड मोडण्यासाठी पैसे गुंतवणाऱ्यांना बंडखोरांच्या जप्त जमिनींतून २५ लाख एकर देण्याचे वचन त्यात होते. कोण बंडखोर ठरणार, याची यादी व्हायची होती. जमीन मात्र आधीच वाटायला काढलेली होती. पुढे ऑगस्ट १६५२ च्या 'ॲक्ट ऑफ सेटलमेंट'ने माफी न मिळणाऱ्यांची नावे दिली, त्यांत फेलिमचे नाव होते. ज्यांनी संसदेशी सतत निष्ठा दाखवल्याचे सिद्ध करता येत नव्हते, अशा हातात शस्त्र न घेतलेल्या जमीनदारांचीही जमीन गेली आणि त्यांना शॅनन नदीपलीकडे, पश्चिमेच्या कॉनक्ट प्रांतात पाठवण्याचे ठरले. १६४१ मध्ये आयर्लंडची सुमारे ६० टक्के जमीन कॅथलिकांकडे होती; १६८८ पर्यंत ती सुमारे २२ टक्क्यांवर आली.

म्हणून डाउन सर्व्हेत आरोपीचे गाव शोधा आणि १६७० चा मालक कोण ते पाहा. तोच किंवा त्याचा नातलग साक्षीदारांत किंवा चौकशी अधिकाऱ्यांत आढळला, तर ते वहीत लिहा. हेन्री जोन्सचाच प्रवास पाहा: आयोगाचा प्रमुख, मग बिशप, मग क्रॉमवेलच्या सैन्याचा हेरप्रमुख, आणि १६५० च्या दशकातल्या खटल्यांसाठी जुन्या जबान्यांतून मजकूर निवडून देणारा. याचा अर्थ त्याने साक्षी बनवल्या असा होत नाही, परंतु कोणत्या साक्षी न्यायालयापुढे गेल्या, हे ठरवण्यात त्याचा हात होता.

उलट चूकही टाळा. जमिनीचा लोभ सिद्ध झाला म्हणून साक्ष खोटी ठरत नाही. लुटलेली बाई खरोखर लुटलेली असते, तिच्या दुःखाचा फायदा पुढे कोणीही घेतलेला असो.

पायरी ८ : आरोपीच्या बाजूचे शोधा

आरोपीचे म्हणणे या संग्रहात क्वचितच सरळ मिळते. ३० जून १६२२ नव्हे, तर १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्समधले सार्वजनिक अभिलेखागार यादवी युद्धात जळाले आणि खटल्यांची, जमिनींची शतकानुशतकांची दप्तरे त्यात गेली (ही तारीख मी स्वतः एकदा चुकीच्या शतकात नोंदवली होती, म्हणून ती अशी लिहितो). ट्रिनिटीला १७४१ मध्ये बिशप स्टर्न याच्याकडून मिळालेले हे खंड त्या आगीच्या बाहेर राहिले. परिणामी एका बाजूचा कागद उरला आणि दुसऱ्या बाजूचा बराच नाहीसा झाला.

तरीही आरोप करणाऱ्याच्या जबानीतच कधी कधी दुसरी बाजू सापडते. ज्या मॅक्सवेलने १,५४,००० चा आकडा नोंदवला आणि ज्याच्या भावाच्या कुटुंबाची हत्या झाली, तोच सांगतो की फेलिमची आई कॅथरीन होव्हेंडन हिने २४ इंग्रज व स्कॉट लोकांना स्वतःच्या घरात ठेवले आणि ३७ आठवडे स्वतःच्या कोठारातून खाऊ घातले. ज्याला ओ'नील घराण्याची बाजू घेण्याचे काहीही कारण नाही अशा माणसाने दिलेली ही माहिती असल्यामुळे मी तिला फार मोठे वजन देतो. साक्षीदाराच्या हिताविरुद्ध जाणारे वाक्य दिसले की ते लाल शाईने अधोरेखित करावे, हा माझा नियम तेव्हापासून झाला.

फेलिमचा शेवटही याच नजरेने पाहा. फेब्रुवारी १६५३ मध्ये तो टायरोनमध्ये पकडला गेला, डब्लिनच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरवले आणि १० मार्चला त्याला मृत्युदंड देण्यात आला. बंडाच्या सुरुवातीला, ४ नोव्हेंबर १६४१ रोजी, त्याने आपल्याकडे राजाचे फर्मान असल्याचे जाहीर केले होते आणि कितीतरी साक्षीदार त्या फर्मानाचा उल्लेख करतात. ते बनावट होते. न्यायालयात त्याला राजाचे नाव घेतल्यास जीवदान देऊ केले होते, पण त्याने नकार दिला आणि चार्लमाँटमध्ये सापडलेल्या एका जुन्या सनदेची मोहर आपणच काढून त्या कागदाला लावल्याचे सांगितले, अशी हकिकत प्रसिद्ध आहे. ती आवडण्याजोगी आहे, पण ती नोंदवणारी साक्ष खटल्यानंतर सुमारे २८ वर्षांनी, म्हणजे क्रॉमवेलची सत्ता संपून राजेशाही परतल्यानंतरच्या काळात दिलेली आहे. पायरी १ आणि पायरी ४ इथेही लागू करा.

पायरी ९ : निष्कर्ष कसा लिहावा

'फेलिम ओ'नील बंडात होता' हे वाक्य सोपे आहे, कारण किल्ला त्यानेच घेतला आणि जाहीरनामाही त्यानेच काढला. 'पोर्टाडाउनला त्याने बुडवले' हे वाक्य मात्र असे लिहू नये. ते पुढीलप्रमाणे मोडावे: कोणत्या साक्षीदाराने, घटनेनंतर किती दिवसांनी, कोणासमोर, पाहून की ऐकून, नेमके काय सांगितले, आणि त्याला स्वतंत्र दुजोरा आहे की नाही. प्रत्येक वाक्यामागे हस्तलिखिताचा क्रमांक व पानाची पुढची की मागची बाजू लिहावी, कारण पानांना एकच क्रमांक असून बाजू दोन असतात. लिप्यंतरातून उतरवून घेतलेला मजकूर एकदा छायाचित्राशी ताडून पाहावा आणि अनुवाद करताना 'कळले आहे' हे शब्द चुकूनही गाळू नयेत. माझ्या पहिल्या मसुद्यात ते सतरा ठिकाणी गळले होते.